मिस सिंथिया फरार : मुंबई व अहमदनगर येथील मुलींच्या शाळा



महात्मा जोतीराव फुले यांचे कोणतेही चरित्र उघडा. १८४८ सालाच्या आसपास तुम्हाला एक वाक्य हमखास भेटेल. जोतीराव आपल्या मित्राकडे अहमदनगरला गेले, तेथे मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या आणि पुण्यास परतल्यावर स्वतः मुलींची शाळा काढली, अशा अर्थाचे ते वाक्य असते. वाक्य संपते, चरित्र पुढे सरकते आणि मिस फरार मागे राहतात. प्रस्तुत घटकात आपण त्या वाक्यापाशीच थांबणार आहोत. ही बाई कोण होती, कोठून आली, आणि १८४८ साली कोणा तरुणाने येऊन पाहाव्यात अशा मुलींच्या शाळा अहमदनगरात होत्या तरी कशा, हे प्रश्न आपल्यासमोर आहेत.

प्रारंभीच नावाविषयी दोन शब्द सांगतो, कारण संमंत्रण सत्रात हे नाव उच्चारताच वर्गात हसू पिकते, असा माझा अनुभव आहे. मराठीतील फरार हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा अर्थ पळून गेलेला, बेपत्ता झालेला. इंग्रजी आडनाव असलेल्या फरारशी त्याचा काहीही संबंध नाही. दोन भाषांतील दोन शब्द केवळ ध्वनिसाम्यामुळे शेजारी येऊन बसले आहेत. मात्र ज्या बाईंनी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी घर सोडले आणि मधला थोडा काळ वगळता मरेपर्यंत आपले काम सोडले नाही, त्यांच्या वाट्याला मराठीत हे नाव यावे, हा योगायोग मोठा गमतीचा खराच.

न्यू हॅम्पशायरची शिक्षिका

सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात मार्लबरो या गावी झाला. न्यू इंग्लंड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशाचा हा भाग. तेथील प्रॉटेस्टंट पंथीयांची अशी धारणा होती की प्रत्येकाला बायबल स्वतः वाचता आले पाहिजे. या धारणेतून तेथे साक्षरतेचा प्रसार झाला आणि तो मुलींपर्यंतही पोहोचला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या प्रदेशातील गावोगावच्या शाळांत तरुण स्त्रिया शिकवू लागल्या होत्या. त्यामागे उदात्त विचार होता तसाच व्यवहारही होता, कारण पुरुष शिक्षकापेक्षा स्त्री शिक्षिकेला कमी पगार देऊन भागत असे. फरार याच पिढीतल्या. त्यांचे शिक्षण चांगले झालेले होते आणि शिकविणे हाच त्यांचा व्यवसाय होता.

दुसरीकडे, १८१० साली न्यू इंग्लंडमध्ये परदेशांत मिशनरी पाठविणारी एक संस्था स्थापन झाली होती. आपल्याकडच्या जुन्या लेखनात तिचा उल्लेख अमेरिकन बोर्ड असा येतो. या बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ च्या आरंभी मुंबईत उतरले. त्या वेळी कंपनी सरकारला मिशनरी नको होते. मुंबईच्या गव्हर्नरांनी त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला होता. त्याच वर्षी कंपनीची सनद नवी झाली आणि मिशनरींचा मार्ग मोकळा झाला. अशा रीतीने जी संस्था उभी राहिली ती अमेरिकन मराठी मिशन. या नावातील मराठी हे विशेषण तुम्ही अधोरेखित करून ठेवा. मिशनने आपल्या नावात प्रांताचा वा शहराचा उल्लेख न करता भाषेचा केला. मुलांच्या शाळा, १८१७ पासूनची मराठी छपाई, १८२६ साली छापून पूर्ण झालेला मराठी नवा करार ही या मिशनची पहिल्या तेरा-चौदा वर्षांतील कामे होत.

मुलींसाठी स्वतंत्र शाळा मिशनने १८२४ साली मुंबईत सुरू केली. मुंबईतील ही अशा प्रकारची पहिलीच शाळा मानली जाते. पण लवकरच अडचण उभी राहिली. मुलींच्या शाळांवर देखरेख करायची तर स्त्रीच हवी. आणि मिशनमधल्या स्त्रिया म्हणजे मिशनरींच्या पत्नी. त्यांच्यामागे घर होते, बाळंतपणे होती, आजारपणे होती आणि मुंबईच्या हवेत अकाली येणारे मृत्यूही होते. तेव्हा मिशनने बोर्डाकडे एका अविवाहित शिक्षिकेची मागणी केली.

आज ही मागणी साधी वाटते, पण त्या काळी ती तशी नव्हती. मिशनरी म्हणजे पुरुष आणि त्याची सहचारिणी म्हणजे पत्नी, अशीच बोर्डाची व्यवस्था होती. एकटी स्त्री परमुलखात राहणार कोठे, कोणाच्या आधाराने, हा प्रश्न बोस्टनच्या धर्मधुरिणांना भेडसावत असे. यापूर्वीची उदाहरणे नव्हती असे नाही. १८१५ साली शार्लट व्हाइट ही विधवा बाप्टिस्टांकडून बंगालला निघाली होती. भारतात पोहोचल्यावर तिने एका मिशनरीशी विवाह केला. १८२२ साली बेट्सी स्टॉकटन ही गुलामगिरीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय स्त्री हवाई बेटांकडे रवाना झाली, परंतु ती एका मिशनरी कुटुंबासोबत, अर्धी मिशनरी व अर्धी घरातील मदतनीस अशा दुहेरी नात्याने. म्हणून फरार यांना परदेशी गेलेली पहिली अविवाहित अमेरिकन मिशनरी म्हणण्याची जी रीत आहे, ती थोडी जपून वापरावी. बेट्सी स्टॉकटनचे नाव त्या रीतीत झाकले जाते आणि ते का झाकले जाते हे सांगण्याची आवश्यकता नाही. शिक्षणकार्यासाठी, स्वतंत्र नेमणूक घेऊन, एकटीने निघालेल्या स्त्रियांत मात्र फरार यांचे स्थान निःसंशय अगदी आरंभीचे आहे.

१८२७ च्या जून महिन्यात त्या बोस्टनहून निघाल्या. सोबत सायरस स्टोन आणि डेव्हिड ॲलन ही दोन मिशनरी दांपत्ये होती. केप ऑफ गुड होपला वळसा घालणारा तो लांबचा प्रवास संपवून त्या वर्षाच्या अखेरीस ही मंडळी मुंबईला पोहोचली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जोतीरावांचा जन्म झाला होता.

मुंबईतील वर्षे

आल्या आल्या पहिले काम म्हणजे भाषा शिकणे. भाषाविज्ञानाचा विद्यार्थी या नात्याने मला या टप्प्याचे विशेष कुतूहल वाटत आले आहे. मागील घटकात तुम्ही मोल्सवर्थच्या कोशाचा परिचय करून घेतला. तो कोश प्रसिद्ध झाला १८३१ साली. म्हणजे फरार मराठी शिकू लागल्या तेव्हा तो उपलब्ध नव्हता. दूर बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी सिद्ध केलेले व्याकरण (१८०५) व कोश (१८१०), आणि व्हान्स केनेडी यांचा १८२४ चा कोश, एवढीच मुख्य छापील साधने होती. त्यांपैकी कॅरींचा कोश मोडी लिपीत होता. उरलेली भाषा पंडिताकडून आणि कानांनी शिकायची. आता कल्पना करा, पंडिताकडून शिकलेली मराठी घेऊन ही बाई ज्या मुलींसमोर उभी राहिली, त्या मुली आपापल्या घरची, आपापल्या जातीची, कोणी घाटावरची तर कोणी कोकणची बोली बोलणाऱ्या होत्या. पुस्तकातली मराठी आणि मुलींच्या तोंडची मराठी यांत जे अंतर असते, ते आजही आपल्या प्राथमिक शिक्षकांची परीक्षा पाहते.

लिपीचाही प्रश्न होता. मिशनची छापील मराठी पुस्तके बाळबोधीत असत, तर घरातील पत्रे, हिशेब, दस्तऐवज मोडीत. त्यामुळे छापील पाठ घडाघड वाचणाऱ्या मुलीला वडिलांची चोपडी वाचता येईलच, असे नव्हते. साक्षरता ही एकसंध गोष्ट आहे असे आपण गृहीत धरतो. त्या काळातील महाराष्ट्रात तिच्यात लिपीनुसार कप्पे होते.

फरारबाईंचे चित्र मनात आणताना फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षिकेचे चित्र आणू नका. मिशनच्या शाळा म्हणजे वस्तीवस्तीतील लहान जागा. प्रत्येक शाळेत बहुधा एक स्थानिक पंतोजी, बहुतेक वेळा ब्राह्मण आणि अर्थातच हिंदू. मराठी वाचून शिकवू शकेल अशी स्त्री शिक्षिका मिळणे जवळपास अशक्य होते. फरारबाईंचे पद होते मुलींच्या शाळांच्या देखरेखीचे. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचे, मुलींचे वाचन ऐकायचे, पंतोजीच्या कामावर नजर ठेवायची, शिवणकाम शिकवायचे, ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरे म्हणून घ्यायची, परीक्षा घ्यायच्या. शिवाय शाळा चालविण्यासाठी मुंबईतील इंग्रज रहिवाशांकडून वर्गणी मिळवायची. मुलींच्या शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा येण्याचे दिवस अजून दूर होते. त्या आल्यापासून दोनेक वर्षांतच या शाळांतील मुलींची संख्या चारशेच्या आसपास गेली. दोन वर्षांनी, १८२९ साली, स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन यांनीही मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या. म्हणजे १८३० पर्यंत मुंबईत मुलींची शाळा ही नवलाची गोष्ट असली तरी ऐकिवात नसलेली गोष्ट राहिली नव्हती.

परंतु पटावरची संख्या पाहून आपण फसू नये. मुलगी येई सहाव्या-सातव्या वर्षी. आठव्या-नवव्या-दहाव्या वर्षी तिचे लग्न होई आणि शाळा सुटे. अक्षरे जुळवून शब्द, शब्द जुळवून वाक्य, अशी जेमतेम गती येते न येते तोच पाटी घरी. तिच्या जागी दुसरी मुलगी, पुन्हा श्रीगणेशा. वर्षामागून वर्षे हेच चक्र. देखरेख करणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर शेकडो मुली येत आणि जात. पूर्ण शिकलेली म्हणावी अशी क्वचितच एखादी.

येथे थोडे थांबा. शिक्षणात खंड का पडला, असे मी संमंत्रण सत्रात विचारतो तेव्हा आपल्या विद्यार्थिनींपैकी निम्म्याजणी तरी एकच शब्द सांगतात: लग्न. फरक इतकाच की तुम्हाला तो खंड भरून काढण्यासाठी मुक्त विद्यापीठ आहे. १८३० च्या मुंबईतील त्या मुलींना तसा दुसरा प्रवेश नव्हता.

मिशनमधील फरारबाईंच्या दर्जाविषयीही सांगायला हवे. बोर्डाच्या कागदोपत्री स्त्रियांना साहाय्यक मिशनरी म्हणत. मिशनच्या बैठकीत मत देण्याचा अधिकार पुरुष मिशनरींना होता, स्त्रियांना नव्हता. फरारबाई कोणाच्या पत्नी नव्हत्या, म्हणून स्वतंत्र होत्या. आणि कोणाच्या पत्नी नव्हत्या म्हणूनच त्यांना स्वतःचे असे बिऱ्हाडही नव्हते. एखाद्या मिशनरी कुटुंबाच्या आश्रयाने राहणे भाग होते. ज्या शाळा त्या चालवीत, त्या शाळांविषयीचे निर्णय ज्या बैठकीत होत, तेथे त्यांचे मत मोजले जात नसे. स्त्रियांना शिक्षण देण्यासाठी सातासमुद्रापार माणूस पाठविणाऱ्या संस्थेची ही स्वतःच्या घरातील स्थिती होती, आणि ती नजरेआड करून फरारबाईंचे चरित्र सांगता येत नाही.

दहा वर्षांनी त्यांची प्रकृती ढासळली. १८३७ साली त्यांना अमेरिकेस परतावे लागले. वय बेचाळीस. येथेच थांबल्या असत्या तरी कोणी नावे ठेवली नसती. त्यांच्यासोबत आलेल्या मायरा ॲलन १८३१ सालीच मुंबईत वारल्या होत्या. फरारबाई मात्र १८३९ साली पुन्हा आल्या. या वेळी त्यांची नेमणूक झाली अहमदनगरला.

अहमदनगर

आजचे अहिल्यानगर, तेव्हाचे अहमदनगर, हे निजामशाहीची राजधानी राहिलेले जुने शहर. १८०३ साली तेथील किल्ला इंग्रजांनी जिंकला. पुढे तेथे लष्करी छावणी, कलेक्टर कचेरी, न्यायाधीशाची कचेरी अशी नव्या राजवटीची ठाणी बसली. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली येथे आपले केंद्र उघडले. मुंबई बेटावर अनेक भाषा, अनेक धर्म यांची सरमिसळ होती. अहमदनगर हा मराठी मुलखाचा गाभा. मिशनला आपल्या नावातील भाषा येथेच खऱ्या अर्थाने भेटली. १८४२ साली ज्ञानोदय हे नियतकालिक मिशनने येथूनच सुरू केले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात त्याचे स्थान काय, हे तुम्ही पहिल्या वर्षी अभ्यासले आहे.

फरारबाईंनी येथे शहरातील हिंदू मुलींसाठी शाळा चालविल्या. मुंबईतला अनुभव गाठीशी होता, भाषा आता परकी राहिली नव्हती. पण येथले संकट वेगळे होते. शाळा मिशनची, मिशनचे ध्येय धर्मांतराचे, आणि हे ध्येय मिशनने कधी लपविले नाही. १८३९ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शिकणाऱ्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि पालकांनी भराभर मुले काढून घेतली. अशी घटना लहान शहरात घडली की तिचा धक्का अधिक जवळून बसे. शहरात कोणी बाप्तिस्मा घेतला की शाळा ओस पडायच्या. काही महिन्यांनी राग निवळला की एकेक मुलगी पुन्हा येऊ लागायची.

फरारबाई स्वतः धर्मप्रसाराविषयी उदासीन होत्या आणि केवळ शिक्षणासाठी झटत होत्या, असे लिहिण्याचा मोह काही लेखकांना होतो. तो टाळला पाहिजे. मुलींचा आत्मा तरावा म्हणूनच त्या आल्या होत्या. वाचन हे त्यांच्या दृष्टीने बायबलपर्यंत जाण्याचे साधन होते. इथल्या देवधर्माविषयी त्यांच्या मिशनची मते कठोर होती आणि बोर्डाकडे जाणाऱ्या अहवालांत ती कठोर शब्दांत मांडली जात. दुसऱ्या बाजूने, मुलींना शाळेत धाडणारे पालकही भोळे नव्हते. मिशनचा हेतू त्यांना ठाऊक होता. मुलगी चार अक्षरे शिकेल, शिवणटिपण शिकेल आणि लग्नाच्या वयात घरी परत येईल, असा त्यांचा हिशेब होता. हा हिशेब बहुतांशी बरोबर ठरला. शहरातील या मुलींनी अक्षरे घेतली. धर्म घेणाऱ्या फार थोड्या निघाल्या. पुढे या मिशनमधून ख्रिस्ती झालेल्यांत मोठा भरणा होता तो आसपासच्या खेड्यांतील महार-मांग समाजाचा.

तेव्हा बोर्डाच्या मापाने मोजले, तर फरारबाईंच्या शाळांचे फळ बेताचेच होते. बोर्डाचे एक चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ साली हिंदुस्थानात येऊन गेले. ख्रिस्ती मंडळ्या उभारणे हे मिशनचे मुख्य कार्य, शाळा हे केवळ साधन, आणि बिगरख्रिस्ती शिक्षकांकडून चालविलेल्या शाळांवरील खर्च आवरावा, अशी त्यांची भूमिका होती. ज्या पद्धतीच्या शाळांवर फरारबाईंचे सारे आयुष्य खर्ची पडले होते, नेमक्या त्याच पद्धतीवर हे प्रश्नचिन्ह होते. त्या वेळी त्या साठीच्या उंबरठ्यावर होत्या.

एक तरुण पाहुणा

आता १८४८ सालाकडे येऊ. सदाशिव बल्लाळ गोवंडे हे जोतीरावांचे शाळेपासूनचे मित्र. अहमदनगरला न्यायाधीशाच्या कचेरीत ते नोकरीस होते. जोतीराव त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांचे वय एकवीसच्या आसपास. त्यांनी स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण घेतले होते, म्हणजे मिशनरी आणि मिशनच्या शाळा त्यांना नव्या नव्हत्या. अहमदनगरात त्यांना जे दिसले त्याचे नवल दुसरेच होते. मराठी घरांतल्या मुली रांगेने बसून मराठी वाचत होत्या. मुली शिकू शकतात का, हा त्या काळी वादाचा विषय. येथे वाद संपलेला होता, कारण उत्तर डोळ्यांसमोर बसलेले होते.

पुण्यास परतल्यावर जोतीरावांनी पत्नीला शिकविले आणि १८४८ सालीच बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. पुढे १८५३ साली ज्ञानोदयात आपल्या शाळांची हकिकत देताना त्यांनी फरारबाईंच्या शाळा पाहिल्याचा प्रसंग स्वतःच नोंदविला. हा तपशील आपल्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण नंतरच्या चरित्रकाराने रचलेली ती कथा नसून खुद्द जोतीरावांनी दिलेला तो पुरावा आहे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण अहमदनगरला फरारबाईंच्या संस्थेत घेतले, असे अनेक चरित्रकार सांगतात. ही माहिती उत्तरपत्रिकेत लिहिताना तिचा आधार चरित्रपरंपरा आहे हे तुम्ही नमूद करावे. जोतीरावांच्या भेटीस जसा त्यांचा स्वतःचा पुरावा आहे तसा तो येथे नाही.

पाहुण्याने काय घेतले आणि काय सोडले, हेही बघा. वर्ग, पाठ, परीक्षा, मराठी माध्यम ही रचना त्याने घेतली. बाप्तिस्म्याचा हेतू त्याने घेतला नाही. शिवाय एक मोठी उणीव त्याने भरून काढली. फरारबाईंच्या शाळांतून पंतोजी शिकवीत. पुण्याच्या शाळेत शिकवायला सावित्रीबाई उभ्या राहिल्या. शाळा चालविणारे आणि शिकणारे एकाच समाजातले, एकच भाषा बोलणारे झाले, आणि म्हणूनच बहुधा त्यांना होणारा विरोध अधिक तीव्र झाला. परकी मडम समाजाच्या चौकटीबाहेरची होती. तिच्याकडे काणाडोळा करता येई. सावित्रीबाई चौकटीतल्या होत्या.

१८५२ साली पुण्यात जोतीरावांचा सरकारतर्फे सत्कार झाला, तो मेजर कँडी यांच्या हस्ते. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात सहभागी असलेले तेच हे कँडी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मराठीचे जग किती लहान होते, कोशकार, शाळा काढणारे आणि छापखानेवाले पुन्हा पुन्हा एकमेकांसमोर कसे येत, याचे हे एक उदाहरण म्हणून ध्यानात ठेवा.

यापुढचा धागा मात्र सहसा कोणी जोडून दाखवीत नाही. १८५५ साली ज्ञानोदयात दोन अंकांमधून एक निबंध छापून आला. विषय होता मांग-महारांचे दुःख. लिहिणारी मुक्ताबाई ही फुले यांच्या शाळेत शिकणारी, चौदा वर्षांची, मांग समाजातली मुलगी. अहमदनगरच्या शाळा पाहून पुण्यात शाळा निघाली. त्या शाळेतली मुलगी लिहू लागली. आणि तिचे लिहिलेले छापले गेले ते अहमदनगरात जन्मलेल्या मिशनच्याच नियतकालिकात. पुढे दोनच वर्षांनी, १८५७ साली, बाबा पदमनजींची यमुनापर्यटन ही कादंबरी आली, आणि तिची नायिका वाचता येणारी आहे. मराठी गद्यात साक्षर मुलगी एकाच वेळी लेखिका म्हणून आणि पात्र म्हणून अवतरली, ती या काही वर्षांत.

हा अंक अहमदनगरच्या मिशनच्या घरात पोहोचला असेल, फरारबाईंनी तो वाचला असेल, असे मानायला हरकत नाही. मात्र तो वाचून त्यांच्या मनात काय आले, हे चरित्रकाराने आपल्या कल्पनेने भरू नये. त्या अंकाच्या आधीही त्या शाळांच्या फेऱ्या मारीत होत्या आणि नंतरही मारीत राहिल्या.

अखेरची वर्षे

उरलेल्या वर्षांविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे, कारण त्यांत घटना थोड्या आणि दिनक्रम फार. १८५४ च्या वूडच्या खलित्याने मुलींच्या शिक्षणास सरकारी पाठिंबा जाहीर झाला. मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सभेने १८४९ सालीच मुलींच्या शाळा काढल्या होत्या. १८२७ साली ज्या कामासाठी समुद्रापलीकडून माणूस मागवावे लागले, ते काम आता इथलेच लोक, इथल्याच पैशाने करू लागले होते. फरारबाई अहमदनगरात आपल्या शाळा पाहत होत्या. अमेरिकेस पुन्हा गेल्या नाहीत. १८६२ च्या जानेवारीत, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, अहमदनगरातच त्यांचे निधन झाले. हिंदुस्थानातील त्यांच्या कामास जवळजवळ चौतीस वर्षे झाली होती.

पुढील घटकात आपण मुक्ताबाईंचा निबंध मुळातून वाचणार आहोत. वाचण्यापूर्वी हातात पेन्सिल घ्या. पहिल्या वाचनात फक्त क्रियापदांखाली रेघा ओढा आणि कोणती वाक्ये ती मुलगी देवाला उद्देशून लिहिते, कोणती वाचकाला, याची समासात खूण करा. मुद्रित प्रतीतील विरामचिन्हांवर विसंबू नका. निबंध एकदा मोठ्याने वाचा. घरात कोणी शाळेत जाणारी मुलगी असेल, तर तिच्याकडूनही तो वाचून घ्या आणि ती कोठे अडखळते तेवढे शब्द टिपून अभ्यासकेंद्रावर घेऊन या.